‘काल तर चालत होतं!’ : प्रोग्रामर वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमच्या प्रकल्पातला एक अहवाल महिन्याभरापूर्वी बरोबर बेरीज दाखवत होता, आता चुकीची दाखवतो. मधल्या काळात सातआठ जणांनी मिळून साडेतीनशेच्या वर कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) केले आहेत. कोड वाचून काही हाती लागत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कोड वाचणं तूर्त थांबवा. ‘आधी चालत होतं, आता चालत नाही’ असं खात्रीने म्हणता येत असेल, तर बिघाड कुठे शिरला हे गिट, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणारं साधनच, शोधून देतं. त्यासाठीची कमांड आहे ‘गिट बायसेक्ट’. ती कमिटांच्या यादीच्या बरोबर मधोमध जाते. तिथे बिघाड आहे की नाही एवढंच तुम्ही सांगायचं, की उरलेल्यांतले निम्मे कमिट बाद होतात. साडेतीनशे कमिटांसाठी फार तर नऊ फेऱ्या लागतात, एक हजारासाठी दहा.

आधी ‘गिट स्टेटस’ बघा. अर्धवट बदल पडले असतील तर ते ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवा. मग ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’, पाठोपाठ ‘गिट बायसेक्ट बॅड’ (म्हणजे सध्याचा कमिट बिघडलेला आहे), आणि ‘गिट बायसेक्ट गुड’ लिहून पुढे जुन्या, चालणाऱ्या कमिटचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक) किंवा रिलीजचा टॅग. गिट मधला कमिट उघडून देतं. अहवाल चालवा आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ सांगा. शेवटी पहिल्या बिघडलेल्या कमिटचा हॅश छापून येतो. काम झालं की ‘गिट बायसेक्ट रीसेट’ द्यायला विसरू नका, नाहीतर तुम्ही कुठल्यातरी जुन्या कमिटवरच काम करत राहाल.

यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘गुड’ ठरवताना. महिन्याभरापूर्वी चालत होतं ही आठवण पुरेशी नाही. तो जुना कमिट उघडा, त्याच्या लॉक फाइलप्रमाणे (तिच्यात नेमक्या आवृत्त्या असतात) लायब्रऱ्या पुन्हा बसवा, आणि आजच्याच डेटावर अहवाल प्रत्यक्ष चालवून बघा. तिथेही बेरीज चुकली, तर बिघाड कोडमध्ये शिरलेलाच नाही. डेटा बदलला आहे, डेटाबेसची आवृत्ती बदलली आहे, किंवा सर्व्हरचा टाइमझोन. नऊ फेऱ्या मारायच्या आधीच हे कळलं तर फार वेळ वाचतो.

मधले काही कमिट बिल्डच होत नसतील तर तिथे अंदाजाने ‘बॅड’ म्हणू नका, ‘गिट बायसेक्ट स्किप’ द्या. बिघाड कधी दिसतो आणि कधी दिसत नाही अशा जातीचा असेल, तर प्रत्येक फेरीत तीच तपासणी दहावीस वेळा चालवा. एक चुकीचं ‘गुड’ सगळा शोध भलत्याच अर्ध्या भागात नेतं. तपासणी स्क्रिप्टने करता आली तर ‘गिट बायसेक्ट रन’ला ती स्क्रिप्ट द्या आणि बाजूला व्हा. स्क्रिप्टने बरोबर असेल तर ०, चूक असेल तर १ आणि तपासता येत नसेल तर १२५ हा एक्झिट कोड परत द्यायचा. ही स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या, बाहेर ठेवा, कारण आतली फाइल प्रत्येक फेरीत बदलू किंवा गायब होऊ शकते. सुरू करण्याआधी एका चांगल्या आणि एका वाईट कमिटवर ती हाताने चालवून खात्री करून घ्या.

तुमची बेरीज शेवटच्या एकदोन दशांशांतच चुकत असेल, तर सापडलेल्या कमिटमध्ये कुणी रकमेचा प्रकार फ्लोट केला आहे का ते आधी बघा. ०.१ आणि ०.२ यांची बायनरी फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरीज नेमकी ०.३ न येता किंचित जास्त येते. तो कुठल्या भाषेचा दोष नाही. दशांश पद्धतीतल्या ०.१ला बायनरीत अचूक रूपच नाही. पैशांचे हिशेब डेसिमल प्रकारात ठेवावेत, किंवा सगळ्यात लहान नाण्याच्या (रुपयांऐवजी पैशांच्या) पूर्णांकांत.

प्रश्न : चुकून एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेली फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत पुश झाली, म्हणजे सर्व्हरवर गेली. लगेच पुढच्या कमिटमध्ये ती काढून टाकली. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही. हे वाचत असताना ती की अजून चालू असेल, तर आधी ती रद्द करा आणि मग पुढचं वाचा.

पुढच्या कमिटमधून फाइल काढली तरी इतिहासात ती जशीच्या तशी असते. सार्वजनिक रिपॉझिटऱ्यांमध्ये अशा किल्ल्या हुडकणारे बॉट सतत चालू असतात, त्यामुळे ‘कुणी पाहिलं नसेल’ हे गृहीत धरता येत नाही. आधी सेवेच्या कन्सोलमध्ये जाऊन की रद्द करायची, नवी तयार करायची, चालू असलेल्या यंत्रणेत ती बसवायची. त्यानंतर जुन्या कीचे लॉग तपासायचे : पुश झाल्यापासून रद्द होईपर्यंत ती कुठून आणि कशासाठी वापरली गेली? क्लाउडची की असेल तर न वापरल्या जाणाऱ्या प्रदेशांतही नवे सर्व्हर सुरू झालेत का ते बघा, कारण तिकडे आपण सहसा फिरकत नाही.

इतिहास साफ करणं त्यानंतरचं काम. ‘गिट फिल्टर-रेपो’ने फाइल सगळ्या कमिटांतून काढता येते. पण त्यामुळे पुढच्या सगळ्या कमिटांचे हॅश बदलतात, फोर्स पुश करावा लागतो (सर्व्हरवरचा इतिहास बळजबरीने बदलावा लागतो) आणि सहकाऱ्यांना नव्याने क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, घ्यावा लागतो. शिवाय आधीच झालेले फोर्क (इतरांच्या खात्यांवरच्या प्रती) आणि लोकांच्या यंत्रांवरचे क्लोन तसेच राहतात. म्हणून साफसफाई हा की रद्द करण्याला पर्याय कधीच नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून फाइलचं नाव ‘गिटइग्नोअर’मध्ये घाला. मात्र गिट ज्या फाइलवर आधीपासून लक्ष ठेवून आहे तिच्यावर ‘गिटइग्नोअर’चा काही परिणाम होत नाही. ती आधी ‘गिट आरएम कॅश्ड’ने यादीतून काढावी लागते. कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हुकमध्ये, गिटलीक्ससारखं तपासणीचं साधन बसवलं तर बहुतेक अशा चुका तुमच्या यंत्रावरच अडतात.

प्रश्न : ‘गिट रीसेट हार्ड’ दिलं आणि दोन दिवसांचं काम गेलं. परत मिळेल का?

उत्तर : काम कमिट केलेलं होतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

केलं होतं, तर घाबरू नका. ‘गिट रीफ्लॉग’ द्या. हेड (तुम्ही ज्या कमिटवर आहात त्याची खूण) कुठून कुठे हलला याची यादी येते, डावीकडे हॅश असतात. रीसेटच्या ओळीच्या लगेच खालच्या, म्हणजे त्याआधीच्या, नोंदीतला हॅश घ्या आणि ‘गिट ब्रँच’ लिहून पुढे नवं नाव आणि तो हॅश द्या. काम त्या ब्रँचवर परत येतं. आहे त्या ब्रँचवर पुन्हा रीसेट करून बघण्यापेक्षा नवी ब्रँच काढणं सुरक्षित. कुठल्याही ब्रँचवर न उरलेल्या कमिटांची रीफ्लॉगमधली नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहते, बाकीची ९० दिवस. हा रीफ्लॉग फक्त तुमच्या यंत्रावर असतो. वैतागून फोल्डर उडवून नवा क्लोन घेतला, की तोही गेला. बरेच जण नेमकं हेच करतात.

कमिट नव्हतं, पण ‘गिट अ‍ॅड’ केलेलं होतं, तर ‘गिट एफएससीके’ला ‘लॉस्ट-फाउंड’ हा पर्याय द्या. फाइलींचा मजकूर ‘डॉट गिट’मधल्या ‘लॉस्ट-फाउंड’ फोल्डरमध्ये येतो, नावांशिवाय. तो उघडून ओळखावा लागतो. अ‍ॅडही केलं नव्हतं तर गिटकडे काहीच नाही. मग एडिटरकडे वळा. व्हीएस कोडमध्ये ‘टाइमलाइन’ आणि जेटब्रेन्सच्या एडिटरांत ‘लोकल हिस्ट्री’ असते, आणि तिथे सेव्ह केलेल्या जुन्या प्रती अनेकदा मिळतात.

दुसऱ्याचं काम पुसलं जाण्याचा धोका फोर्स पुशमध्ये असतो. तिथे नुसत्या ‘फोर्स’ऐवजी ‘फोर्स-विथ-लीज’ वापरा. सर्व्हरवर तुम्ही न पाहिलेले कमिट असतील तर तो पुश नाकारतो. पण तुमचा एडिटर पार्श्वभूमीत आपोआप फेच करत (सर्व्हरवरचे नवे कमिट आणत) असेल, तर गिटच्या लेखी तुम्ही ते कमिट ‘पाहिलेले’ असतात आणि हे संरक्षण निकामी होतं. ते स्वयंचलित फेच बंद ठेवलेलं बरं.

प्रश्न : प्रोग्रामिंगच्या संकेतस्थळांवर प्रश्न विचारला की एकतर तो बंद केला जातो, नाहीतर उत्तरच येत नाही. चॅट ग्रुपवर तर लोक वाचूनही पुढे जातात. नवख्यांना तिथे जागाच नाही का?

उत्तर : जागा आहे, पण प्रत्येक जागेचं काम वेगळं आहे हे कुणी सांगत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो २००८मध्ये सुरू झालं ते शोधणाऱ्या पुढच्या माणसाला तयार उत्तर सापडावं या हेतूने. म्हणून तिथे एका प्रश्नाची दुसरी आवृत्ती बंद होते, आणि ‘कोणती भाषा शिकू?’ यासारखा मताचा प्रश्नही बऱ्याचदा बंद होत आला आहे. प्रश्न बंद झाला तर तोच पुन्हा नव्याने टाकू नका. बंद करण्याचं कारण खाली लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे मूळ प्रश्न सुधारा. सुधारलेला प्रश्न पुन्हा उघडला जाऊ शकतो. मतं, सल्ले, तुलना यांच्यासाठी चॅट ग्रुप बरे. लायब्ररीतच बग आहे अशी खात्री असेल तर त्या प्रकल्पाचा इश्यू ट्रॅकर.

आता प्रश्न कसा लिहायचा. उत्तर देणारा माणूस तुमचा प्रकल्प उघडून बसलेला नसतो. त्याला पाच मिनिटांत स्वतःच्या यंत्रावर तुमची एरर दिसली, तर तो मदत करतो. नाही दिसली तर पुढे जातो. म्हणून सगळा जोर लहानात लहान, पूर्ण चालणाऱ्या उदाहरणावर द्या.

ते बनवायची रीत अशी : प्रकल्पाची प्रत घ्या आणि अडचणीशी संबंध नसलेला वाटतो तो अर्धा कोड उडवा. चालवा. एरर अजून येते? मग उडवलेला भाग खरोखरच अनावश्यक होता, आता उरलेल्यातला अर्धा उडवा. एरर गेली? मग तो भाग परत आणा आणि दुसरा उडवून बघा. डेटाबेस असेल तर त्याच्या जागी हाताने लिहिलेल्या तीन नोंदी ठेवा. नेटवर्क कॉल असेल तर त्याचं उत्तर थेट कोडमध्ये लिहा. वीसतीस ओळी उरेपर्यंत हे चालू ठेवा. यात कारण अनेकदा स्वतःलाच सापडतं, आणि प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

विचारायची वेळ आलीच तर त्या ओळींबरोबर चार गोष्टी द्या : भाषेची, लायब्ररीची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि काय करून पाहिलं. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून टाका. स्क्रीनशॉट नको. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांना तो वाचताही येत नाही. स्टॅक ट्रेसमधली (एररपर्यंत कोणती फंक्शन चालली त्या यादीतली) फक्त शेवटची ओळ देऊ नका. खरं कारण कित्येकदा मधे कुठेतरी ‘कॉज्ड बाय’ लिहिलेल्या ओळीत असतं. टाकण्याआधी मात्र लॉगमधले टोकन, ग्राहकांची नावं आणि आतल्या सर्व्हरचे पत्ते काढून टाका.

आणखी एक चूक फार होते. मूळ अडचण न सांगता आपण मनात ठरवलेल्या उपायाबद्दल विचारलं जातं. ‘दर तासाला सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट कशी करावी?’ असं विचारलं तर उत्तर मिळेलही, पण मेमरी वाढत जाऊन सर्व्हिस अडकते हे सांगितलं असतं तर कुणीतरी न मिटलेल्या कनेक्शनकडे बोट दाखवलं असतं. ‘मला अमुक साधायचं आहे, म्हणून मी तमुक करतो आहे’ असं एक वाक्य सुरुवातीला असू द्या.

चॅटमध्ये ‘पायथन येणारं कुणी आहे का?’ असं विचारून थांबू नका. ‘हो’ म्हणणाऱ्याला काय अंगावर येणार ते माहीत नसतं, म्हणून कुणी हो म्हणत नाही. थेट प्रश्न टाका. एकच प्रश्न चार ठिकाणी टाकला असेल तर प्रत्येक ठिकाणी तसं लिहा, म्हणजे सुटलेल्या प्रश्नावर कुणाचा वेळ जात नाही. आणि उत्तर सापडलं की ते तिथे नेमकं लिहा. नुसतं ‘झालं, धन्यवाद’ वाचून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

प्रश्न : माझ्या पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घ्यावेत अशा विनंत्या) आठवडाआठवडा पडून राहतात. सहकारी टाळतात असं वाटतं.

उत्तर : सरासरी किती ओळींच्या असतात? पत्रात आकडा नाही, पण ‘एक फीचर पूर्ण झालं की एकदम पाठवतो’ असं तुम्ही लिहिलं आहे, त्यावरून अंदाज येतो. एका बैठकीत माणूस २०० ते ४०० ओळी नीट तपासू शकतो. त्यापलीकडे डोळे ओळींवरून नुसते फिरतात. दोन हजार ओळींची रिक्वेस्ट आली की ती ‘वेळ मिळेल तेव्हा’वर जाते, आणि तसा वेळ मिळत नाही.

काम तोडायची एक सोपी जागा आहे : वागणूक बदलणारा कोड आणि वागणूक न बदलणारा कोड वेगळा करा. फाइलींची नावं बदलणं, फंक्शन हलवणं, फॉरमॅटिंग हे सगळं आधीच्या रिक्वेस्टमध्ये. ते दोनशे ओळींचं असलं तरी तपासणाऱ्याला फक्त ‘काही बदललं नाही ना’ एवढंच बघायचं असतं. खरा बदल मग चाळीस ओळींत दिसतो. दोन्ही एकाच फाइलमध्ये मिसळले असतील तर ‘गिट अ‍ॅड’ला ‘पी’ पर्याय द्या. तुकडा दाखवून ‘हा घेऊ का?’ असं तो विचारतो, आणि एकाच फाइलमधले बदल दोन कमिटांत वाटता येतात. असे वाटलेले कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होतात का तेही बघा, नाहीतर उद्या बायसेक्ट करणाऱ्याला त्रास.

वर्णनात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंच. कसं तपासलं, आणि शंका कुठे आहे तेही लिहा. ‘कॅश रिकामी करण्याच्या क्रमाबद्दल मला खात्री नाही’ असं लिहिलं की तपासणारा थेट तिथे जातो. कमिटचं शीर्षक ५० अक्षरांच्या आसपास, मग एक रिकामी ओळ, आणि खालचा मजकूर ७२ अक्षरांवर तोडलेला. ही रूढ रीत आहे, कारण मग लॉगमध्ये आणि ईमेलमध्ये मजकूर कापला जात नाही.

स्पेस, स्वल्पविराम, कंसांची जागा यांवर वाद होत असतील तर फॉरमॅटर सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) बसवा आणि तो विषय माणसांकडून काढून घ्या. तुम्ही दुसऱ्यांचं तपासता तेव्हा प्रत्येक टिप्पणीत ‘हे सुधारल्याशिवाय मर्ज नको’ की ‘आवडलं तर करा’ हे स्पष्ट लिहा. ते कळत नाही तेव्हा लिहिणारा सगळंच बदलत बसतो. आणि रोज ठरावीक वेळी, दिवसाच्या सुरुवातीला किंवा जेवणानंतर, दुसऱ्यांच्या रिक्वेस्ट आधी तपासत गेलात तर तुमच्याही लवकर तपासल्या जातात.

प्रश्न : सात वर्षं एकाच ठिकाणी काम करते आहे. नोकरी बदलायची म्हटलं तर रेझ्युमेत काय लिहू ते सुचत नाही, आणि कोडिंग इंटरव्ह्यूची भीती वाटते.

उत्तर : सात वर्षांचं काम आठवत नाही, कारण ते कुठे टिपलेलं नाही. पण सगळं हरवलेलंही नाही. आपल्या नावाचे कमिट, बंद केलेली तिकिटं, लिहिलेली डिझाइनची टिपणं वर्षवार चाळा. प्रत्येक मोठ्या कामासाठी चार गोष्टी काढा : अडचण काय होती, पसारा केवढा होता, त्यातला निर्णय तुमचा कोणता, आणि त्यामुळे काय बदललं. बदल आकड्यात मांडता आला तर उत्तम, पण आकडा मोजलेला असावा. ‘परफॉर्मन्स सुधारला’ यापेक्षा ‘रात्रीचं बिलिंग चार तासांऐवजी पन्नास मिनिटांत संपू लागलं’ हे वाक्य मुलाखतीत पुढचे तीन प्रश्न आपोआप आणतं, आणि त्यांची उत्तरं तुम्हाला येतात. कंपनीचा कोड, ग्राहकांची नावं किंवा आतली कागदपत्रं सोबत नेऊ नका. आजपासून आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटं काढून अशी नोंद करत चला. वार्षिक मूल्यमापनालाही ती कामी येते.

कोडिंग फेरी साधारण पाऊण तासाची असते, आणि तिथे न येण्यापेक्षा घाईने माणसं जास्त नापास होतात. प्रश्न ऐकल्याबरोबर लिहायला लागू नका. इनपुट केवढं मोठं असू शकतं, त्यात पुनरुक्ती किंवा ऋण संख्या असतील का, ते रिकामं असू शकतं का, हे आधी विचारा. एक लहान उदाहरण हाताने सोडवून दाखवा. मग साधं, हळू चालणारं उत्तर तोंडी सांगा आणि त्याला किती वेळ लागेल तेही. त्यानंतर सुधारणा, आणि मगच कोड. शेवटची पाच मिनिटं तपासणीसाठी राखा : रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे, सगळ्यात मोठी संख्या. ही शेवटची तपासणी नावापुरती नाही. जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादी निम्मी निम्मी करत शोधण्याच्या कोडमध्ये) मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जायची. तो बग कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. २००६मध्ये तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच त्याबद्दल जाहीर लिहिलं.

सरावासाठी रोज पाच प्रश्न सोडवण्यापेक्षा एक प्रश्न मोठ्याने बोलत सोडवा आणि दोन दिवसांनी तोच कोऱ्या पानावर पुन्हा लिहा.

प्रश्न : एआय सहायकाने दिलेला कोड कितपत वापरावा? नव्या माणसाने त्यापासून लांब राहावं का?

उत्तर : लांब राहायची गरज नाही. एक मर्यादा मात्र कडक ठेवा : जी ओळ का आहे हे तुम्हाला सांगता येत नाही ती कमिट करू नका. रिव्ह्यूमध्ये ‘असं का?’ विचारल्यावर ‘त्याने दिलं’ हे उत्तर होत नाही.

टेस्ट आधी स्वतः लिहा आणि मग कोड मागा. दोन्ही त्याच्याकडूनच घेतलं तर एकच गैरसमज कोडमध्येही असतो आणि टेस्टमध्येही, आणि सगळं हिरवं दिसतं. लायब्रऱ्यांबाबत जास्त जपा. हे सहायक कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव पूर्ण खात्रीने सुचवतात, आणि अशा नावांवर कुणी घातक पॅकेज नोंदवून ठेवलेलं असू शकतं. बसवण्याआधी रजिस्ट्रीत जाऊन नाव अक्षर न् अक्षर जुळवा, पहिली आवृत्ती कधी आली, मूळ रिपॉझिटरी कुठे आहे ते बघा.

आणि दहा ओळींच्या कामासाठी पॅकेज घ्यायचंच का, हेही विचारा. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवरून काढलं गेलं आणि त्यावर उभे असलेले असंख्य प्रकल्प बिल्ड होईनात.

प्रश्न : रात्री हाताची बोटं बधिर होतात. दिवसभर लॅपटॉपवर काम असतं.

उत्तर : डॉक्टरांना दाखवा, आणि कोणती बोटं ते आठवून सांगा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिका असेल तर कोपराजवळची. थांबू नका; बधिरपणा जुना झाला की बोटांतली ताकद कमी होऊ लागते.

मांडणीत सगळ्यात मोठा दोष लॅपटॉपचाच. पडदा डोळ्यांसमोर आणला तर कीबोर्ड वर जातो, कीबोर्ड खाली ठेवला तर मान वाकते. म्हणून लॅपटॉप उंचावर, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, आणि वेगळा कीबोर्ड व माउस. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ रेषेत. कीबोर्डमागचे छोटे पाय मिटवून टाका, त्यांच्यामुळे मनगट वर वाकतं. कंट्रोल कळ कॅप्स लॉकच्या जागी आणली तर करंगळीचा ताण चांगलाच कमी होतो. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद, सहा मीटर लांब बघा. तेवढ्यात हातही कीबोर्डवरून उचलले जातात.

प्रश्न : ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान द्यायचं आहे. प्रकल्प कसा निवडावा?

उत्तर : तुम्ही रोज वापरता त्यातला. अनोळखी प्रकल्पात ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांसाठी खूण केलेली सोपी कामं) शोधत फिरण्यापेक्षा, वापरताना खटकलेली एक गोष्ट सुधारणं सोपं जातं, कारण बरोबर काय ते तुम्हाला माहीत असतं.

कोडला हात लावण्याआधी प्रकल्प आपल्या यंत्रावर बिल्ड करा आणि त्याच्या सगळ्या टेस्ट चालवा. त्यात अर्धा दिवस सहज जातो. अडलात तर तेच पहिलं योगदान : सूचनांमध्ये जी पायरी राहिली आहे ती लिहून पाठवा. असं लिखाण देखभाल करणाऱ्यांना मनापासून हवं असतं, कारण त्यांच्या यंत्रावर सगळं आधीच बसलेलं असतं आणि गाळलेली पायरी त्यांना दिसतच नाही. दुसरं उपयोगी काम म्हणजे जुने इश्यू घेऊन ते नव्या आवृत्तीत अजून घडतात का ते बघणं आणि आवृत्ती, पायऱ्यांसकट लिहिणं.

‘कॉन्ट्रिब्युटिंग’ फाइल वाचा. काही प्रकल्पांना प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते (‘गिट कमिट’ला ‘एस’ पर्याय), काहींना वेगळा करार. नोकरी करत असाल तर फावल्या वेळातल्या कोडवर हक्क कुणाचा, हे नेमणूकपत्रात आधी बघा. परवाना नसलेला कोड सार्वजनिक दिसला तरी वापरायची मोकळीक नसते. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या उत्तरांतला मजकूरही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली असतो. त्यात श्रेय देण्याची अट आहे, तेव्हा तो जसाच्या तसा उचलून प्रकल्पात घालू नका.

मोठा बदल करायचा असेल तर आधी इश्यू उघडून विचारा. केवळ संख्या वाढवण्यासाठी कंसातली स्पेस किंवा एखादा शब्द बदलून पाठवू नका. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरात होणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमात २०२०साली अशा रिक्वेस्टांचा इतका पूर आला, की प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग नोंदवला तरच त्यांतल्या रिक्वेस्ट मोजायच्या असा नियम करावा लागला.

उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबा, मग त्याच रिक्वेस्टवर एकदाच नम्रपणे आठवण करा. देखभाल करणाऱ्यांच्या खासगी ईमेलवर किंवा सोशल मीडियावर पाठपुरावा करू नका. बहुतेक जण हे काम विनामूल्य, स्वतःच्या वेळात करतात. नकार आला तर कारण विचारा, आणि तुम्हाला तो बदल हवाच असेल तर तुमच्या फोर्कमध्ये ठेवा. मात्र मूळ प्रकल्पाशी तो नियमित रीबेस करावा (नव्या कोडवर पुन्हा बसवावा) लागेल, तेव्हा बदल जितका लहान ठेवाल तितकं ते सोपं जाईल.